देवगिरीची ऋतुचर्या : हेमाद्रीचे ‘आयुर्वेदरसायन’ आणि अनायासाचा विचार

हेमाद्रीचे नाव महाराष्ट्रात सर्वतोमुखी आहे. परंतु ज्या गोष्टींकरिता ते आहे, त्यांपैकी कित्येक गोष्टी त्याने केल्या किंवा काय, याविषयी शंका घेण्यास पुष्कळ जागा आहे. चुन्यावाचून रचलेली दगडी देवळे, मोडी लिपी, बाजरीचे पीक असे बरेच काही लोकपरंपरेने हेमाडपंताच्या नावावर जमा केलेले आहे. बाजरी तर त्याच्यापूर्वी कित्येक शतके दख्खनच्या रानात पिकत होती. उलट, जे ग्रंथ निर्विवाद त्याच्या नावावर आहेत, त्यांपैकी ‘चतुर्वर्गचिंतामणी’ पंडितांच्या चर्चेत राहिला आणि दुसरा ग्रंथ वैद्यांच्या कपाटात गेला. हा दुसरा ग्रंथ म्हणजे वाग्भटाच्या ‘अष्टांगहृदया’वरील ‘आयुर्वेदरसायन’ ही टीका होय. देवगिरीच्या यादवांच्या राजधानीत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या शेजारी असलेल्या दौलताबादच्या परिसरात, तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात मनुष्याने ऋतुमानाप्रमाणे शरीर कसे सांभाळावे आणि मनावरील ताण कसा हलका करावा याविषयी कोणता विचार मान्य होता, हे पाहावयाचे असेल तर या टीकेइतके जवळचे साधन दुसरे नाही.

हेमाद्री हा वत्सगोत्री ब्राह्मण, कामदेवाचा पुत्र. महादेव यादव (१२६१ ते १२७१) आणि त्यानंतरचा रामचंद्र (१२७१ ते १३११) या दोन्ही राजांच्या कारकीर्दीत तो श्रीकरणाधिप, म्हणजे राज्याच्या दप्तराचा व हिशेबाचा प्रमुख अधिकारी होता. ‘चतुर्वर्गचिंतामणी’त त्याने व्रते, दाने, तीर्थे, श्राद्धे आणि कालनिर्णय यांविषयीची पुराणे व स्मृती यांतील वचने एवढ्या प्रमाणात एकत्र केली की, कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीला तो ग्रंथ अनेक जाड खंडांत छापावा लागला. एकट्या व्रतखंडातच शेकडो व्रतांचा संग्रह आहे. तिथी, वार, नक्षत्र, मास असे कोणतेही निमित्त त्यात सुटलेले नाही. उपवास, एकभुक्त, नक्त, अयाचित यांची ही विस्तीर्ण यादी पाहिली म्हणजे, वर्षभर ही सर्व व्रते पाळू पाहणाऱ्या मनुष्याच्या देहाचे काय होईल, असा प्रश्न वाचकाला पडल्यावाचून राहत नाही.

तो प्रश्न खुद्द हेमाद्रीलाही पडला असावा, असे मानण्यास भक्कम आधार आहे. ‘आयुर्वेदरसायना’च्या प्रास्ताविक श्लोकांत त्याने आपण रामराजाच्या श्रीकरणाचा अधिपती असल्याचे आणि ‘चतुर्वर्गचिंतामणी’चा कर्ता असल्याचे सांगितले आहे. त्याच ठिकाणी ही टीका कशासाठी, याचाही त्याने खुलासा केला आहे. पहिल्या ग्रंथात सांगितलेली व्रते, दाने इत्यादी सिद्धीस जावयाची तर आरोग्य हे त्यांचे अंग आहे. त्या आरोग्याच्या प्राप्तीसाठी चरक, हारीत, सुश्रुत यांच्या मतांना अनुसरून अष्टांगहृदयाची ही सुबोध टीका केली आहे, असा त्याचा आशय. यात ‘अंग’ हा शब्द महत्त्वाचा. मीमांसेच्या परिभाषेत अंग म्हणजे प्रधान कर्माला पूर्णत्व देणारा घटक. अंग विकल झाले तर प्रधान कर्मही विकल होते. आरोग्य हे व्रताचे बक्षीस नव्हे, व्रताची अटही नव्हे. ते व्रताचाच एक भाग आहे. व्रतांच्या सर्वांत मोठ्या संग्राहकाने हे लिहावे, याला काही अर्थ आहे.

देवगिरीच्या दप्तरखान्याचा आणि वैद्यकाचा संबंध हेमाद्रीपासून सुरू होत नाही. सिंघण यादवाच्या कारकीर्दीत (१२१० ते १२४६ च्या सुमारास) त्याच पदावर असलेला शार्ङ्गदेव हा ‘संगीतरत्नाकर’ या ग्रंथाचा कर्ता. त्याचा आजोबा भास्कर काश्मीरहून दक्षिणेत आला. बाप सोढल यादवांच्या चाकरीत होता. शार्ङ्गदेवाने आपल्या ग्रंथाच्या आरंभी स्वतःविषयी जे सांगितले आहे, त्यात धनाने याचकांचे, विद्येने जिज्ञासूंचे आणि रसायनांनी रोगपीडितांचे दुःख आपण निवारिले असा आशय आढळतो. संगीताच्या ग्रंथात त्याने ‘पिंडोत्पत्ती’ या नावाचे एक संपूर्ण प्रकरण गर्भ, देह आणि त्यातील नाड्या यांना दिले आहे. नाद देहातून उमटतो, तेव्हा देह जाणल्यावाचून नाद जाणता येणार नाही, ही त्यामागील भूमिका. हिशेबाच्या कचेरीतील दोन प्रमुख, एक संगीताकडून आणि दुसरा धर्मशास्त्राकडून, दोघेही शेवटी देहाच्या विचारापाशी येऊन पोहोचले, हा योगायोग म्हटला तरी रम्य आहे.

हेमाद्रीच्या आश्रयाला असलेला बोपदेव तर वैद्याचाच मुलगा. त्याचा पिता केशव याने ‘सिद्धमंत्र’ या ग्रंथात वात, पित्त व कफ यांवर होणाऱ्या परिणामांनुसार द्रव्यांचे वर्ग पाडले. त्यावर बोपदेवाने ‘प्रकाश’ टीका लिहिली. शिवाय ‘हृदयदीपक’ हा निघंटू आणि चूर्णे, गुटिका, अवलेह, घृते, तेले व काढे यांविषयीची ‘शतश्लोकी’ रचली. ‘मुग्धबोध’ या त्याच्या व्याकरणामुळे बंगालपर्यंत त्याचे नाव पोहोचले, त्यामुळे त्याचे वैद्यकही झाकले गेले. थोडक्यात, ‘आयुर्वेदरसायन’ ही एखाद्या अधिकाऱ्याची फावल्या वेळची हौस नव्हती. तिच्यामागे औषधींच्या गुणदोषांची खडान्‌खडा माहिती असलेले एक मंडळ होते.

आता ऋतुचर्येकडे वळावयाचे. अष्टांगहृदयाच्या सूत्रस्थानातील तिसरा अध्याय हा तिचा मुख्य आधार. माघापासून दोन दोन महिन्यांचे सहा ऋतू धरावे, असे वाग्भट सांगतो : शिशिर, वसंत, ग्रीष्म, वर्षा, शरद आणि हेमंत. पहिले तीन म्हणजे उत्तरायण. या काळात सूर्य प्राण्यांचे बळ काढून घेतो, म्हणून त्याला आदानकाल म्हणावयाचे. पुढचे तीन म्हणजे दक्षिणायन. यात चंद्राचे प्राबल्य असून बळ परत दिले जाते, म्हणून तो विसर्गकाल. शरीराचे बळ हेमंत-शिशिरात सर्वांत अधिक, ग्रीष्म-वर्षांत सर्वांत कमी आणि वसंत-शरदांत मध्यम असते. या एका सिद्धांतावर सगळी ऋतुचर्या उभी आहे. मनुष्याचे सामर्थ्य वर्षभर सारखे राहत नाही, आणि ते सारखे राहावे अशी अपेक्षाही करू नये, असा याचा सरळ अर्थ होतो. व्यायामाविषयीचा नियमही याच धोरणाचा आहे : बलवान व स्निग्ध आहार घेणाऱ्यानेसुद्धा थंडीत आणि वसंतात आपल्या अर्ध्या शक्तीइतकाच व्यायाम करावा, इतर ऋतूंत त्याहूनही मंद.

हेमंतात जाठराग्नी प्रबळ, म्हणून गोड, आंबट, खारट रस, गहू, उडीद, ऊस व दूध यांचे पदार्थ, अंगाला तेल, अंगावर जाड पांघरूण आणि उन्हाची ऊब. वसंतात साचलेला कफ सूर्याच्या तापाने पातळ होऊन अग्नी मंदावतो, म्हणून जुने जव-गहू, मध, उटणे आणि व्यायाम. दिवसाची झोप वर्ज्य. दुपार मात्र कोकिळांनी गजबजलेल्या उपवनात मित्रांच्या गोष्टींत घालवावी. ग्रीष्मात गोड, हलके, थंड व पातळ अन्न, साखर घातलेले सातूचे पीठ, पाडळीच्या फुलांचा वास दिलेले पाणी आणि रात्री चांदण्यात निवलेले म्हशीचे दूध. मद्य घेऊ नये, घेतले तर थोडे आणि भरपूर पाणी घालून. शरदात कोपलेल्या पित्ताला कडू औषधांचे तूप, रेचन आणि दिवसा सूर्याने तापलेले व रात्री चंद्राने निवविलेले ‘हंसोदक’. अशी ही चित्रे आहेत. ती मनोहर आहेत. पण ती नागरकाची आहेत, हेही तितकेच स्पष्ट आहे. कापूर, चंदन, उपवन आणि गच्ची ज्याच्यापाशी आहे त्याच्यासाठी ती रेखाटलेली आहेत. देवगिरीच्या पायथ्याशी नांगर धरणाऱ्या कुणब्याला वैशाखात झाडाखाली गोष्टी करीत बसणे परवडत नव्हते. आणि वर्षाऋतूत शरीर सर्वांत दुर्बल असते म्हणून श्रम टाळावे, हा नियम ज्याची पेरणी-निंदणी त्याच दोन महिन्यांत होते त्याने पाळावयाचा कसा? ऋतुचर्येचे गोडवे गाताना ही गोष्ट अभ्यासकांकडून नजरेआड होते, म्हणून तिचा उल्लेख अवश्य आहे.

दुसरी अडचण भूगोलाची. माघापासून मोजले असता वैशाख हा वसंतात पडतो. परंतु मराठवाड्यात वैशाखाला वसंत म्हणणे धाडसाचे होईल. मराठी माणूस त्याला वणव्याचा महिना म्हणूनच ओळखतो. मृग नक्षत्र लागून पहिला पाऊस येतो तोही पुष्कळदा ज्येष्ठात, म्हणजे शास्त्राच्या हिशेबाने ऐन ग्रीष्मात. मराठी लोकव्यवहाराने तर सहा ऋतू केव्हाच बाजूस ठेवून उन्हाळा, पावसाळा आणि हिवाळा असे तीनच मानले आहेत. मग सिंधू नदीच्या प्रदेशातील वाग्भटाचे वेळापत्रक गोदावरीच्या खोऱ्यात कसे चालावयाचे? याचे उत्तर वाग्भटाच्याच नावावर असलेल्या ‘अष्टांगसंग्रहा’त सापडते, आणि ते फार समंजस आहे. ऋतू ओळखण्याच्या तीन खुणा तेथे सांगितल्या आहेत : महिना, सूर्याची रास आणि ऋतूचे प्रत्यक्ष स्वरूप. या तिहींत पुढची खूण मागचीपेक्षा बलवान मानावी. म्हणजे पंचांगात वसंत असला आणि बाहेर उन्हाळा भडकला असला, तर उन्हाळ्याचीच चर्या धरावी. सुश्रुतानेही शोधनाच्या विचारासाठी शिशिर गाळून प्रावृट् आणि वर्षा असे पावसाचे दोन ऋतू धरले आहेत. ‘आयुर्वेदरसायना’ची पद्धत पाहता हेमाद्री हृदयाच्या श्लोकांशेजारी संग्रह, चरक, सुश्रुत आणि आज स्वतंत्रपणे न मिळणारा खरनाद यांची वचने आणून मांडतो. त्यामुळे त्याच्या वाचकापुढे एकच ताठर वेळापत्रक न राहता तुलनेला पर्याय राहतात. निबंधकाराची ही सवय वैद्यकात उपकारक ठरली आहे.

वर्षाऋतूचे प्रकरण या प्रदेशाच्या दृष्टीने विशेष लक्षपूर्वक पाहण्यासारखे आहे. आदानकाळाने आधीच थकलेला देह, त्यात मंदावलेला अग्नी, जमिनीतून उठणारी वाफ, गढूळ पाणी आणि गार वारा यांनी वातासह तिन्ही दोष बिघडतात. म्हणून जुने धान्य, मुगाचे कढण, विहिरीचे किंवा उकळलेले पाणी; नदीचे पाणी, दिवसाची झोप, फार श्रम आणि ऊन वर्ज्य; धुपविलेली वस्त्रे; ओल आणि शिंतोडे लागणार नाहीत अशी वरच्या मजल्यावरची वस्ती. आभाळ भरून राहिलेल्या उदास दिवसांकरिता तर वेगळा आहारच सांगितला आहे : आंबट-खारट चव स्पष्ट असलेले, स्निग्ध तरी कोरडे, मध घातलेले आणि हलके अन्न. ढगाळ दिवस आणि मनुष्याची मंदावलेली भूक यांतील संबंध जुन्या वैद्यांच्या नजरेतून सुटलेला नव्हता.

याच ऋतूत चातुर्मास सुरू असतो. आषाढ शुद्ध एकादशीपासून कार्तिक शुद्ध एकादशीपर्यंतचे हे चार महिने व्रतवैकल्यांनी सर्वांत अधिक भरलेले. आणि शास्त्राच्या हिशेबाने याच काळात प्रथम वाताचा व नंतर पित्ताचा प्रकोप होतो. हलके खावे, हे व्रताचे आणि वैद्यकाचे दोघांचेही म्हणणे. तेथवर त्यांचे जुळते. परंतु अतिलंघनाने वात वाढतो, हाही वैद्यकाचाच सिद्धांत आहे. अगोदरच वात वाढलेल्या ऋतूत कडक उपवासांची रास रचली तर व्रत आणि देह यांची समोरासमोर गाठ पडते. हेमाद्रीने आरोग्याला व्रताचे अंग म्हटले ते केवळ शोभेसाठी नव्हे, हे येथे ध्यानात येते.

धर्मशास्त्राने स्वतःच्या घरात या पेचाचे उत्तर आधीच तयार ठेवले होते. धर्मनिबंधांत वारंवार येणारे एक वचन आठ गोष्टी व्रताचा भंग करीत नाहीत असे सांगते : पाणी, मुळे, फळे, दूध, हविष्य, ब्राह्मणाची इच्छा, गुरूची आज्ञा आणि औषध. औषध घेतल्याने व्रत मोडत नाही, ही सवलत सामान्य वाटते. पण व्रत मोडल्याच्या भीतीने झुरणाऱ्या आजारी मनुष्याला तिचा आधार केवढा असेल याची कल्पना करावी. याहूनही मूलगामी विचार गौतमधर्मसूत्रातील आठ आत्मगुणांत आहे. दया, क्षमा, अनसूया, शौच, अनायास, मंगल, अकार्पण्य आणि अस्पृहा हे ते गुण. चाळीस संस्कार झालेले असून हे गुण नसतील तर त्या संस्कारांचा उपयोग नाही, इतकी त्यांची थोरवी तेथे सांगितली आहे. यांतील अनायासाचे लक्षण अत्रिस्मृतीत येते ते असे : ज्या कर्माने शरीराला पीडा होते ते कर्म शुभ असले तरीही त्याचा अतिरेक करू नये, यालाच अनायास म्हणावे.

या व्याख्येतील ‘शुभ असले तरीही’ हे शब्द दुर्लक्षिण्यासारखे नाहीत. अशुभ कर्म टाळावे हे सांगावयास स्मृतिकाराची गरज नसते. मनुष्य स्वतःला सर्वांत अधिक पिडतो तो चांगल्या कामाच्या नावाने : कर्तव्य, सेवा, व्रत, अभ्यास, कुटुंब. त्या पिडण्याला या लक्षणाने पुण्याच्या खात्यातून काढून टाकले आहे. आणि हा गुण दयेच्याच यादीत येतो. दया ही प्राणिमात्रावर करावयाची, आणि त्या प्राणिमात्रांत आपला स्वतःचा देहही मोडतो, असे ही यादी करणाऱ्याच्या मनात असावे, हे अनुमान अवाजवी ठरू नये. स्वतःविषयीची दया ही कल्पना अलीकडच्या मानसशास्त्राने आणलेली आहे अशी एक समजूत दिसते. नाव नवे असेल, परंतु वस्तू जुनी आहे.

वैद्यकात हाच विचार ऋतुसंधीच्या नियमात प्रत्यक्ष कृतीला उतरला आहे. एका ऋतूचे शेवटचे सात दिवस आणि पुढच्याचे पहिले सात दिवस मिळून ऋतुसंधी. या चौदा दिवसांत मागच्या ऋतूची चर्या हळूहळू सोडावी आणि पुढची हळूहळू धरावी. एकदम सोडल्याने वा एकदम धरल्याने असात्म्यापासून उत्पन्न होणारे रोग होतात. सातव्या अध्यायात याचे मापही दिले आहे. अंगवळणी पडलेली वाईट सवय चतुर्थांशाने, किंवा त्या चतुर्थांशाच्याही चतुर्थांशाने सोडावी. चांगली सवय त्याच प्रमाणात, मध्ये एक, दोन, तीन असे अंतर ठेवीत जडवावी. पुढचा श्लोक तर अधिकच धीट आहे : अपथ्य असले तरी ते एकाएकी टाकले, किंवा पथ्य असले तरी ते एकाएकी घेतले, तर विकारच होतो. ज्या समाजात संकल्प सोडून एका क्षणात व्रताला आरंभ होतो, त्या समाजात वैद्यकाने ही सोळाव्या हिश्शाची पायरी घालून द्यावी, यात मनुष्यस्वभावाची केवढी ओळख आहे! ऋतुचर्येतील कापूर-चंदन सर्वांना परवडणारे नव्हते. ही पायरी मात्र कोणालाही चढता येण्यासारखी होती.

मनाचा विचारही या ग्रंथात देहापासून तोडलेला नाही. अष्टांगहृदयाचा मंगलश्लोकच राग म्हणजे आसक्ती इत्यादी रोगांचे वर्णन करतो : ते सदैव चिकटलेले, सर्व देहभर पसरलेले आणि औत्सुक्य, मोह व अरती उत्पन्न करणारे आहेत, त्यांचा नाश करणाऱ्या अपूर्व वैद्याला तेथे वंदन आहे. औत्सुक्य म्हणजे जिवाची तगमग आणि अरती म्हणजे कशातच चैन न पडणे. आज ज्याला मनावरचा ताण म्हणतात त्याची लक्षणे वैद्यकाच्या ग्रंथाच्या पहिल्याच ओळीत यावीत, ही साधी गोष्ट नव्हे. पुढे रज आणि तम हे मनाचे दोष, आणि बुद्धी, धैर्य व आत्म्याचे ज्ञान हे त्यांचे श्रेष्ठ औषध, असे सूत्ररूपाने सांगितले आहे. दिनचर्येच्या अध्यायात इंद्रियांना छळू नये आणि त्यांचे फाजील लाडही करू नयेत, सर्व व्यवहारांत मध्यम मार्ग धरावा, असे बजावून शेवटी एक लहानसा अभ्यास दिला आहे : माझे दिवस आणि रात्री सध्या कशा अवस्थेत जात आहेत, असे जो नित्य स्मरतो तो दुःखाचा वाटेकरी होत नाही. आपण चांगले वागलो की वाईट, असा जाब येथे विचारलेला नाही. कशा अवस्थेत, एवढेच पाहावयाचे आहे.

चौथा अध्याय वेगधारणाचा. शरीराचे तेरा स्वाभाविक वेग अडवू नयेत, असे तेथे सांगितले आहे. मलमूत्रादिकांबरोबर भूक, तहान, झोप, श्रमाने लागलेली धाप, जांभई आणि अश्रू यांचाही त्यांत समावेश आहे. झोप अडविली तर मोह, डोके व डोळे जड होणे, आळस आणि अंग मोडून येणे. त्यावर उपाय झोप आणि अंग रगडणे. धाप अडविली तर हृदयाचे विकार. त्यावर उपाय विश्रांती. अश्रू अडविले तर पडसे, डोळे, डोके व हृदय यांत वेदना, मान ताठणे, अरुची, भ्रम आणि गुल्म. त्यावर उपाय तीन : झोप, मद्य आणि प्रिय गोष्टी, म्हणजे आवडत्या माणसांच्या आवडत्या कथा. यांतील कार्यकारणभाव आजच्या वैद्यकाला जसाच्या तसा मान्य होणार नाही, आणि मद्याचा उपाय तर आज कोणी जाणता चिकित्सक सांगणार नाही. परंतु दाबलेले रडणे हा देहाचा प्रश्न आहे, ते दुबळेपण नव्हे, ही दृष्टी येथे निःसंदिग्ध आहे. याच अध्यायात लोभ, ईर्ष्या, द्वेष, मत्सर आणि आसक्ती यांचे वेग मात्र आवरावेत असे सांगितले आहे. रडू अडवू नये, मत्सर अडवावा. पुष्कळांच्या आयुष्यात याच्या नेमके उलट घडते.

दिवसाच्या झोपेचा नियम याच दृष्टीने तपासण्यासारखा आहे. ग्रीष्म सोडून इतर ऋतूंत दिवसा झोपणे वैद्यकाने निषिद्ध मानले. पण लगेच अपवादांची मालिका येते : बोलून, वाहनाने वा पायी प्रवास करून, ओझी वाहून थकलेले, वृद्ध, बालक, दुर्बल आणि क्षीण, आणि त्यांच्याच पंक्तीत क्रोध, शोक व भय यांनी शिणलेले. ओझे वाहिलेल्या हमालाला जी सवलत, तीच दुःखाने शिणलेल्याला. शोक हे एक ओझेच आहे आणि ते वाहिल्याने शरीर दमते, हे वैद्यकाने वेगळे तत्त्वज्ञान न मांडता एका यादीत मान्य करून टाकले आहे. रात्री जागरण घडले तर जितका वेळ जागलो त्याच्या निम्मा वेळ सकाळी, न जेवता, झोपावे, हाही हिशेब तेथेच आहे. श्रीकरणाधिपाला तो विशेष रुचला असल्यास नवल नाही.

हेमाद्रीच्या हयातीच्या काळाला लागूनच, त्याच रामचंद्राच्या राज्यात, १२९० मध्ये नेवासे येथे ज्ञानेश्वरी सिद्ध झाली. ग्रंथाच्या शेवटी या राजाचा उल्लेखही आहे. तिच्या सहाव्या अध्यायात गीतेच्या अनुरोधाने हाच विषय निराळ्या वाटेने येतो. मनुष्य आपणच आपला बंधू आणि आपणच आपला वैरी, या विचारावर भाष्य करताना ज्ञानदेवांनी आपल्याच कोशात स्वतःला कोंडून घेणाऱ्या किड्याचा आणि नळी फिरताच ती घट्ट धरून, आपण बांधलो गेलो असे समजणाऱ्या पोपटाचा दृष्टांत योजिला आहे. पुढे योग्याचा आहार, चालणे, बोलणे, झोप आणि जागणे यांना युक्तीचे माप लावले आहे. संस्कृत टीकेतून जे वैद्यांपुरते आणि शास्त्र्यांपुरते राहिले असते ते येथे मराठीत, सर्वांच्या कानांवर पडेल अशा रूपात आले. ज्ञानदेवांनी हेमाद्रीची टीका पाहिली होती असे सुचविण्याचा येथे हेतू नाही. एकाच प्रदेशात, एकाच पिढीत, धर्मशास्त्री, वैद्य आणि संत या तिघांनाही देहदंडाच्या अतिरेकाला आळा घालावासा वाटला, एवढेच नोंदवावयाचे आहे.

सणांच्या बाबतीत मात्र सावधगिरी हवी. पाडव्याचा कडुनिंब, संक्रांतीचे तीळ, दिवाळीचे अभ्यंगस्नान, कोजागिरीचे चांदण्यातले दूध यांचा ऋतुचर्येशी मेळ बसतो, हे खरे. पण त्यामुळे प्रत्येक सण वैद्यांनी योजून दिला असे ठरत नाही. चांदण्यात निवलेले दूध ग्रंथात ग्रीष्माच्या वर्णनात आहे. कोजागिरी येते शरदात. आचार आणि शास्त्र यांनी एकमेकांकडून पुष्कळ घेतले, पण कोणी कोणाकडून केव्हा घेतले याचा निर्णय प्रत्येक ठिकाणी स्वतंत्रपणे करावा लागेल.

१२९६ मध्ये अल्लाउद्दीन खलजीची देवगिरीवर स्वारी झाली, १३१८ मध्ये यादवांचे राज्य संपले आणि १३२७ मध्ये महंमद तुघलकाने देवगिरीला दौलताबाद हे नाव देऊन तेथे राजधानी आणली. पुढच्या काळात दख्खनमध्ये युनानी वैद्यक रुजले. त्याच्या पायाभूत मांडणीत आरोग्याची सहा अपरिहार्य कारणे धरलेली आहेत : हवा, अन्नपाणी, देहाची हालचाल व विश्रांती, मनाची हालचाल व विश्रांती, झोप व जागरण, आणि मलांचे धारण व उत्सर्जन. मनाच्या विश्रांतीला हवापाण्याच्या बरोबरीचे स्थान देणारी ही मांडणी ऋतुचर्येच्या शेजारी सहज बसली असावी. अहमदनगर आणि विजापूर या दरबारांत वावरलेला इतिहासकार फिरिश्ता याने भारतीय वैद्यकावर फारसीत ‘दस्तूर-उल्-अतिब्बा’ हा ग्रंथ लिहिला, यावरून दोन्ही परंपरांची देवघेव इतिहासकारांपर्यंत पोहोचली होती हे दिसते. १६१० मध्ये मलिक अंबरने खडकी वसविली आणि पुढे नहरींनी शहरभर पाणी खेळविले. वर्षाऋतूत नदीचे पाणी पिऊ नये हा नियम पाळावयाचा तर झाकल्या मार्गाने येणाऱ्या झऱ्याच्या पाण्याएवढा उत्तम उपाय नव्हता. नहरी त्या विचाराने बांधल्या नसल्या तरी फळ तेच मिळाले. तेच खडकी पुढे औरंगाबाद झाले आणि २०२३ पासून छत्रपती संभाजीनगर या नावाने ओळखले जाते.

‘आयुर्वेदरसायन’ संपूर्ण उपलब्ध नाही. सूत्रस्थानावरील टीका पूर्ण मिळते, इतर स्थानांचे काही भाग मिळतात. दिनचर्या, ऋतुचर्या, वेगधारण आणि निद्रा हे चारही विषय सूत्रस्थानात असल्यामुळे प्रस्तुत विषयापुरते काही हरवलेले नाही, हे सुदैव. डॉ. अण्णा मोरेश्वर कुंटे यांनी अरुणदत्ताच्या ‘सर्वांगसुंदरा’ टीकेसह अष्टांगहृदय १८८० मध्ये मुंबईस छापले. हेमाद्रीची टीका तिच्या जोडीला घेऊन हरिशास्त्री पराडकर वैद्य यांनी संपादिलेली आवृत्ती निर्णयसागर छापखान्याने १९३९ मध्ये काढली. तिच्या पानावर वर वाग्भटाचा श्लोक, खाली अरुणदत्त आणि त्याच्याखाली हेमाद्री अशी मांडणी आहे. देवगिरीच्या श्रीकरणाधिपाचे म्हणणे वाचावयाचे तर वाचकाला पानाच्या तळापर्यंत जावे लागते.